‘काही दिसलं का?’ : सह्याद्रीतल्या व्याघ्रदर्शनाची मीमांसा

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणविचार पाहिला. प्रत्यक्ष म्हणजे काय, अनुमान कशाला म्हणायचं, ‘नाही’ हे ज्ञान आपल्याला कसं होतं, वगैरे. त्यानंतर बऱ्याच जणांनी आम्हाला विचारलं की, सर, हे घट-पट आणि डोंगरावरचा धूर यांच्यापलीकडे कुठे लागू पडतं का? रास्त प्रश्न आहे. म्हणून आज घट बाजूला ठेवू आणि वाघ घेऊ. तोही आपल्या घरचा, साताऱ्याचा-सांगलीचा.

सुरुवात एका साध्या वाक्यापासून करू. कुठल्याही अभयारण्याच्या गेटवर उभे राहा. आत जाणारी गाडी आणि बाहेर येणारी गाडी समोरासमोर आल्या की एकच प्रश्न विचारला जातो, ‘काही दिसलं का?’ आणि उत्तर येतं, ‘नाही हो, काहीच नाही.’ आम्ही चौघे म्हातारे चांदोलीत गेलो होतो तेव्हाही हेच झालं. आमच्या आधी आलेल्या कुटुंबाला गव्यांचा कळप दिसला होता, सांबर दिसलं होतं, पोरांनी शेकरू पाहिलं होतं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे बरं का. तरी वडिलांचं उत्तर, ‘काहीच नाही.’ या वाक्यातला ‘काही’ हा शब्द तपासण्यासारखा आहे. ‘काही’ म्हणजे वाघ. वाघ सोडून जे जे आहे ते ‘काहीच नाही’मध्ये जमा. एका सर्वनामाने सगळं जंगल पुसून टाकलेलं आपण पाहतो, आणि पुसणारा माणूस दुष्ट नाही, शिकलेला आहे, पोराबाळांना निसर्ग दाखवायला पैसे खर्च करून आलेला आहे.

आता ‘दर्शन’ हा शब्द घ्या. जाहिरातीत ‘व्याघ्रदर्शन’ म्हणतात, ‘हमखास व्याघ्रदर्शन’ असंही म्हणतात. आपल्या भाषेत दर्शन या शब्दाला दोन पदर आहेत. एक देवाचं दर्शन, दुसरं षड्दर्शनातलं. दोन्हीकडे दर्शन म्हणजे नुसतं डोळ्यांना दिसणं नव्हे. पंढरपूरची व्यवस्था आठवा. तिथे पददर्शन आहे, मुखदर्शन आहे आणि गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोचणंच शक्य नसेल तर कळसदर्शन आहे. कळसाचं दर्शन घेऊन परत फिरलेला वारकरी घरी जाऊन ‘काहीच दिसलं नाही’ असं सांगत नाही. त्याची वारी पुरी झालेली असते. सफारीवाल्याला मात्र मुखदर्शनच लागतं, तेही वीस फुटांवरून आणि उन्हाच्या बाजूने, म्हणजे फोटो नीट येतो. गंमत अशी की ज्यांना वाघ खरोखर कळतो, म्हणजे वनरक्षक, वाटाडे, अभ्यासक, त्यांचं सगळं ज्ञान पददर्शनावर चालतं. मातीतला ठसा, झाडावरचे ओरखडे, विष्ठा, भेकराचं भुंकणं, सांबराची घोग्री हाक. यात विनोद नाही. वाघाच्या बाबतीत पददर्शन हे मुखदर्शनापेक्षा जास्त माहिती देतं.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० च्या जानेवारीत जाहीर झाला. सातारा जिल्ह्यातलं कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळ्याच्या बाजूने ज्यात शिरतात ते चांदोली राष्ट्रीय उद्यान, असं दोन्ही मिळून आणि भोवतालचा पट्टा धरून सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. पसारा चार जिल्ह्यांत, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा त्यात महाराष्ट्रातून चार जागा होत्या : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. एवढं सगळं असून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत एकच टोमणा. ‘वाघ नसलेला व्याघ्र प्रकल्प.’

इथे आपल्याला अनुपलब्धी हे प्रमाण उपयोगी पडतं. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि पुढे अद्वैती यांनी ‘नाही’चं ज्ञान देणारं हे वेगळं प्रमाण मानलं. टेबलावर तांब्या दिसत नाही, म्हणून तांब्या नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि सगळी बुद्धी त्या अटीत आहे. ती म्हणजे योग्यता. तांब्या असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, आड काही नको. अंधाऱ्या खोलीत तांब्या दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याच मुद्द्यासाठी पिशाचाचं उदाहरण देतो. जे मुळात दिसण्याजोगंच नाही त्याचं न दिसणं हा त्याच्या अभावाचा पुरावा होत नाही. आमच्या मते सह्याद्रीतला वाघ हा तांब्या आणि पिशाच यांच्या बरोबर मधे बसतो. दिसण्याजोगा आहे, पण तुमच्या अटींवर नाही.

कारण जंगलच तसं आहे. ताडोबा सपाटीवरचं, पानगळीचं. उन्हाळ्यात पानं झडतात, पाणी मोजक्या जागी उरतं, वाघ पाण्यावर येतो आणि रस्त्यावरून दिसतो. चांदोली-कोयनेत सदाहरित आणि निमसदाहरित रान, खोल दऱ्या, कारवीचे गच्च पट्टे, वर कातळाचे सडे, पावसाळ्यात चार-चार महिने धुकं, आणि पाणी म्हणाल तर शिवसागर आणि वसंतसागर असे दोन प्रचंड जलाशय. कुठे बसून वाट बघणार? इथे ‘असता तर दिसला असता’ ही अट पुरी होतच नाही. २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत वाघ कॅमेऱ्यात आला. मग पुन्हा शांतता. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक नर कॅमेऱ्यात आला. झाडाला बांधलेला कॅमेरा. समोरून ऊब हलली की आपोआप टिपतो. म्हणजे वाघाचं सगळ्यांत भरवशाचं दर्शन कोणीही हजर नसताना झालं. सह्याद्रीच्या घाटवाटांवर वाघजाईची ठाणी आहेत, वाघबीळ आहे. नावं ठेवणारी माणसं ठसे वाचणारी होती.

अर्थात वाघ अगदी मोजके होते आणि माद्या मिळत नव्हत्या हेही खरं. म्हणून ‘ऑपरेशन तारा’ नावाखाली ताडोबाकडून वाघ आणायचं ठरलं. केंद्राची परवानगी आठ वाघांसाठी मिळाली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पहिली वाघीण चांदोलीत आणली. आम्ही याला विरोध करणारे नाही. राधानगरी, तिलारी, गोव्यातली म्हादई आणि पुढे कर्नाटकातलं काळी असा जो जोडपट्टा आहे, तो ठिकठिकाणी रस्त्यांनी, खाणींनी आणि बागांनी अरुंद झाला आहे. २०२० च्या जानेवारीत म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली, त्यांना विष घातलं होतं. नुसत्या चालत येणाऱ्या वाघांवर विसंबून सह्याद्री भरेल, अशी आशा भाबडी ठरते.

आमची चिंता पुढची आहे. वाघीण आली ही बातमी छापून आली आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओळखीच्या निदान सहा जणांनी विचारलं, ‘सर, आता चांदोलीला वाघ दिसेल ना? बुकिंग कधी करायचं?’ पाहा, वाघ जंगलासाठी आणला होता. चोवीस तासांत तो पाहणाऱ्यांसाठी आणला असं झालं.

हे पुढे कुठे जातं ते विदर्भात दिसलं आहे. ३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्ता ओलांडत होते, आणि पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली. सगळा दोष गाईडवर टाकून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. मागे बसलेली सहा माणसं ‘पुढे घ्या, पुढे घ्या’ म्हणत असतात आणि बक्षिसी त्यांच्या खिशात असते. ‘काही दिसलं का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या संध्याकाळी त्या सगळ्यांना ‘हो’ असं देता आलं. तेवढ्यासाठी ते आले होते.

आणखी एक गोष्ट, नावांची. ‘जय’ नावाचा वाघ तुम्हाला आठवत असेल. नागझिऱ्याकडून चालत उमरेडला आला, विलक्षण प्रसिद्ध झाला, २०१६ च्या एप्रिलनंतर बेपत्ता झाला. माणसं हळहळली, विधानसभेपर्यंत चर्चा. हळहळीबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच जंगलांत बिननावाचे वाघ विजेच्या तारांना लागून मरतात, त्यांची दोन ओळींची बातमी येते. नाव दिल्याने प्राणी जवळचा होतो, हे खरं. पण नाव कोणाला मिळतं? जो रस्त्यावर वारंवार येतो त्याला. म्हणजे आपल्या माणुसकीचा परीघही गाडीरस्त्याच्या कडेकडेने जातो.

राज्यात वाघांची संख्या २०१४ च्या गणनेत १९०, २०१८ ला ३१२ आणि २०२२ ला ४४४ झाली. पर्यटनाने गावांना रोजगार दिला, गेटवरच्या पोरांच्या हातात पैसा आला, वाघ जिवंत असण्यात गावाचा फायदा दिसू लागला, हे कोणी नाकारू नये. आम्ही तरी नाकारत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं आणि मग नवे नियम करून उघडलं. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात नियंत्रित पर्यटन, असा तो तोडगा. कागदावर चांगला. पण चांदोलीत वाघ त्या वीस टक्क्यांत येईलच कशाला? तो येत नाही म्हटल्यावर पर्यटक नाराज होणार, हॉटेलवाले नाराज होणार, आणि मग मागणी सुरू होणार की आणखी रस्ता द्या, रस्त्याच्या कडेला पाणवठा करा, सड्यावर गाडी जाऊ द्या. हे सडे म्हणजे काय, तर कातळावर बोटभर माती, तीत पावसाळ्यात उगवणाऱ्या, दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या वनस्पती. कासला काय झालं ते साताऱ्याच्या श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. गर्दी आवरायला कुंपण घातलं, कुंपणाने गुरं थांबली, गुरं थांबल्यावर गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी तक्रार झाली, शेवटी कुंपण काढलं.

आता जरा त्या लोकांकडे वळू, जे या दर्शनाच्या रांगेत कुठेच नसतात.

चांदोलीत फिरताना मोकळं कुरण लागतं, त्यात गवे चरत असतात. फार सुंदर दृश्य. गाईड सांगतो, ही जागा गव्यांना आवडते. का आवडते? कारण तिथे काल-परवापर्यंत शेत होतं. जरा उतरून बघायला मिळालं तर घराचं जोतं दिसेल, आंब्याफणसाची ओळ दिसेल. वारणेच्या धरणासाठी आणि मग अभयारण्यासाठी इथली गावं उठली; कोयनेच्या बाजूलाही तसंच. आधी पाणी आलं म्हणून वर सरकले, मग वाघ आला म्हणून खाली उतरवले. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी, पाण्यासाठी, भत्त्यासाठी कितीतरी वर्षं आंदोलनं चालली, श्रमिक मुक्ती दलाने डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली ठिय्ये दिले, कोयनानगरला माणसं उन्हातान्हात बसली. आम्हाला विचाराल तर सह्याद्रीतल्या वाघाचं तिकीट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत महाग यांनी काढलं. त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला स्वतःच्या ग्रामदैवताला नारळ फोडायला जायचं तर परवानगी लागते, आणि पुण्याची गाडी ऑनलाइन पावती दाखवून आत जाते. यावर कायद्याचं उत्तर आहे, आम्हाला ठाऊक आहे. गाभा क्षेत्र निर्मनुष्य ठेवायचं असतं. मग निर्मनुष्य या शब्दात पर्यटक मोडत नाही काय? तो मनुष्य नव्हे?

दुसरे लोक म्हणजे उसात राहणारे. कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात बिबट्या उसात वितो, वाढतो, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी रात्रीची. रात्री दोनला बॅटरी घेऊन पाणी पाजायला गेलेल्या माणसाला जे दिसतं ते व्याघ्रदर्शन फुकट असतं आणि त्याला ते नको असतं. एकाने पैसे भरून दिसत नाही, दुसऱ्याला न मागता दिसतं. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, ही म्हण ज्यांनी केली ते या दुसऱ्या वर्गातले.

सागरेश्वरचंही तेच. देवराष्ट्र्याजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्यासारख्यांच्या खटपटीने झाडं लागली, हरणं सोडली, १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटर, माणसाने उभं केलेलं रान. आम्हाला या जागेबद्दल फार आदर आहे. इथे पाहायला येण्याआधी कोणीतरी खड्डे खणले होते. पण आत चितळ-सांबर वाढले, कुंपण जागोजागी तुटलं, आणि कळप रात्री शाळू-उसात. ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आम्ही आजवर लाक्षणिक अर्थाने वापरत होतो.

आणि शिराळ्याचा उल्लेख आलाच आहे तर नागपंचमीचंही बोलू, कारण चांदोलीचा रस्ता शिराळ्यावरूनच जातो. बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग पकडून पूजायची परंपरा होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि कोर्टाचा आदेश यांनी तिच्यावर बंदी आली. योग्यच झालं असं आमचं मत, नागाचे हाल होत. पण शिराळकर एक प्रश्न विचारतात आणि तो आम्हाला टाळता येत नाही. आम्ही नाग बघण्यासाठी पकडला तर गुन्हा, आणि तुम्ही वाघ बघण्यासाठी सहा गाड्यांनी घेरला तर पर्यटन? पकडणं आणि घेरणं यांत फरक आहे, मान्य. तो फरक किती मोठा आहे हे उमरेडच्या त्या वाघिणीच्या जागी उभं राहून मोजावं लागेल.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव इंग्रजी अमदानीतला, दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. तिथे आणि येरळवाडी, सूर्याचीवाडी या पाणथळ जागांवर हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. २०२१ ला या जागांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. लोक म्हणतात, ‘यंदा तळं काठोकाठ भरलंय, मग फ्लेमिंगो का नाहीत?’ अहो, रोहित पाण्यात उभा राहून चिखल गाळून खातो. त्याला गुडघाभर उथळ पाणी लागतं. तुडुंब तळं माणसाला सुंदर दिसतं, रोहिताला निरुपयोगी. दुष्काळी गावाला भरलेलं तळं हवंच, तो त्याचा हक्क आहे. इथे पक्षी आणि माणूस यांचं भांडण खरं आहे आणि त्यात आम्ही गावाच्या बाजूला झुकतो. पण मोबाइलवरून पक्ष्याची शीळ वाजवून त्याला फसवून पुढ्यात बोलावणारे हौशी लोक आहेत, त्यांच्याबाबत असला काही पेच नाही. विणीच्या दिवसांत नर पक्षी ती शीळ ऐकून दुसरा नर आला समजून अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो, आणि याला ‘लाइफर’ मिळतो.

मग बघायचं कसं? याचं उदाहरण सांगलीनेच दिलं आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. ‘नागझिरा’ हे त्यांचं पुस्तक एका जंगलातल्या मुक्कामाचं आहे. ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांवरचं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माडगूळकर चित्रं काढत. आमच्या समजुतीने त्यांच्या जंगललेखनाची किल्ली तिथे आहे. फोटो काढायला क्षण पुरतो, रेखाटन करायचं तर बसावं लागतं, आणि बसलेल्या माणसासमोर जंगल हळूहळू सुरू होतं. ‘सत्तांतर’मध्ये वाघाची वाट पाहायची गरजच पडत नाही, आपण ज्याला ‘काहीच नाही’ म्हणतो त्या वानरात त्यांना सगळं राज्यकारण दिसलं. त्यांच्या जोडीला मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, सारी नोकरी वनखात्यात, आणि ‘पक्षिकोश’ रचताना पुस्तकी नावांइतकाच मान लोकांच्या तोंडी असलेल्या नावांना. आजच्या सफारीवर्णनांत गाडीचा क्रमांक असतो, लेन्सचा आकडा असतो, वाघाचा टी-नंबर असतो. झाडाचं नाव शोधून सापडत नाही. आम्ही अशी बरीच वर्णनं वाचली, कारण लोक प्रेमाने पाठवतात. नागझिऱ्याचं वर्णन कोयनेच्या नावाने छापलं तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, इतकी ती सारखी आहेत. ही टीका लेखकांवर जितकी, तितकीच त्या पाहण्यावर.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘सर, सगळ्यांनी माडगूळकर व्हायचं का? नोकरदार माणसाला दोन दिवसांची सुट्टी असते.’ बरोबर आहे. सुट्टी दोन दिवसांची आहे, म्हणूनच ती गाडीत घालवू नका एवढंच आमचं म्हणणं. चांदोलीला वनखात्याने गाडी ठेवली आहे, तीत बसायला हरकत नाही, पण स्थानिक वाटाड्याबरोबर परवानगीच्या वाटेने पायी फिरायची सोय जास्त व्हावी, ही मागणी आपण श्रोत्यांनी लावून धरण्यासारखी आहे. तिथे उठवलेल्या गावांतली पोरं वाटाडे म्हणून आधी घ्यावीत, हीसुद्धा. आजोबांचं जोतं कुठे आहे ते त्यांना माहीत असतं.

दुसरी चिठ्ठी. ‘मायणीला कधी जावं?’ डिसेंबर-जानेवारी, सकाळी लवकर. दुर्बीण नसेल तर कोणाची तरी मागून घ्या. आणि आधी गावात कोणाला तरी विचारा, पाणी किती उतरलंय म्हणून.